दूध न्हवं ओ, गोळ्या!

ये, बस अशी जवळ. उंबऱ्यात काय टेकलीस पाहुण्यासारखी? तू तिकडं जयसिंगपुरात आणि मी इकडं कोल्हापुरात, हे मला कळतंय की. पण वाचणारं माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहायलाच होत नाही. तर सरक पुढं, आणि आधी चार बोलणी खा. परवा आमच्याकडच्या पूजेला तुझी आज्जी आली, माझी धाकटी बहीण ती, यायचीच. तुझी आई आली. तुझा तो हुंदडा भाऊसुद्धा येऊन जिलेबीवर ताव मारून गेला. तू तेवढी नाहीस. फोन केला तर म्हणतेस, "आज्जी, टायफॉइडनं केस गेलेत गं. केस आले की येतो." असं कुठं असतंय व्हय? केस त्यांच्या सवडीनं येतील. आमंत्रण मी तुला दिलं होतं, त्यांना कुठं दिलं होतं?

रुसू नको. तुला माझ्या नातीची गोष्ट सांगते. तुम्ही दोघी सारख्याच वयाच्या, लहानपणी एका ताटात जेवलेल्या. पण त्या एका वर्षात तिच्यावर काय आलं आणि ती त्यातनं कशी बाहेर पडली, ते तुला अर्धंच माहीत आहे. कारण त्या वर्षी तीही कुणाच्या घरी जात नव्हती. अगदी तुझ्यासारखीच.

आमचं घर गवळ्याचं. मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, पण पहाटेची आणि संध्याकाळची धार त्याला चुकलेली नाही. संध्याकाळ झाली की म्हशी गल्लीच्या तोंडाला कट्ट्यावर नेऊन उभ्या करायच्या. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर. त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट दूध त्याच्या हातात द्यायचं. तालमीतली पोरं, बँकेतले साहेब, रिक्षावाले, सगळे एका ओळीत उभे, सगळ्यांच्या मिशांना फेस. आमच्याकडं माणसाची तब्येत बघायची म्हणजे आधी गाल बघतात. गाल वर आलेले दिसले की लगेच चौकशी, "कुठल्या कट्ट्यावर जातोस रं?" हे ध्यानात ठेव. पुढची सगळी गंमत आणि सगळा त्रास यातनंच झाला.

नात तेव्हा नववीला. अंगानं काडी. हनुवटी इतकी टोकदार की मी म्हणायचे, हिच्या हनुवटीनं लिंबू चिरावं. तिला त्या हनुवटीचा लई अभिमान. फोटो काढायचा झाला की मान अशी तिरकी करून हनुवटी आधी पुढं.

आणि तिची एक म्हैस. म्हणजे घरचीच, पण रेडकू असताना त्याची आई गेली आणि या पोरीनं पाचवीत असताना त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. शाळेतनं आली की दप्तर एकीकडं, चपला एकीकडं, आणि ही गोठ्यात. "बायोऽऽ" अशी हाक मारायची, शेवटाला सूर वर चढवून. की ते रेडकू टुणकन उठून शेळीसारखं तिच्या मागं. पुढं त्याची चांगली भरदार म्हैस झाली, पहिल्यांदा व्याली, कट्ट्यावर दूध द्यायला लागली, तरी तेच. नातीनं हाक मारली तरच चालणार. दुसऱ्या कुणी मारली तर ऐकू येत नसल्यासारखं रवंथ करत बसायची.

आमच्या गवळ्यांची खरी दिवाळी पाडव्याला. म्हशी भादरायच्या, तेल चोळून आरशासारख्या करायच्या, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरं. मग मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळत. दोरी नाही, दावं नाही, नुसत्या आवाजावर! ते बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ही गर्दी. नातीनं त्या वर्षी उन्हाळ्यातच जाहीर करून टाकलेलं, "यंदा म्हैस माझी आन हाकबी माझी. पप्पा, तुमी गाडी चालवायची. मी मागं उलटं तोंड करून बसतो." पोरीनं हाक मारून म्हैस पळवायची, असं आमच्या गल्लीत कधी झालं नव्हतं. मुलगा नको-नको म्हणत होता, पण आतनं फुगला होता. मला कळतं की त्याचं.

गणपती गेले आणि पोरगी सकाळी उठली की डोळे सुजलेले दिसायला लागले. आम्ही म्हटलं, मोबाइल बघून. मोबाइल काढून घेतला. सूज होती तिथंच. मग पायावर बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायला लागला, तेव्हा मात्र आमची पळापळ झाली. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. मूत्रपिंडाचं दुखणं म्हणाले. अंगातलं सत्त्व लघवीवाटे जातंय, गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण गोळ्या बरेच दिवस घ्यायच्या, आणि मनानं बंद करायच्या नाहीत. आणि मीठ अगदी नावाला. बघ म्हणजे! कोल्हापुरात राहायचं आणि मीठ नावाला! लोणचं गेलं, पापड गेला, कांदा-लसणाची चटणी गेली. मी म्हटलं, मीबी तुझ्यासंगं अळणी जेवतो. पहिल्या दिवशी दोघी ताटावर बसलो, एक एक घास घेतला आणि एकमेकींच्या तोंडाकडं बघून जे हसत सुटलो!

"आज्जी, ही आमटी हाय का आंघोळीचं पाणी?"

"गप गिळ. मी गिळतोय न्हवं?"

पायांची सूज उतरली. डॉक्टर खूश, आम्ही खूश, सून वाडीला जाऊन दत्ताच्या पायावर डोकं टेकून आली. पण त्याच गोळ्यांनी पोरीचा चेहरा भरायला लागला. आधी गाल आले, मग गालांनी डोळे बारीक केले, आणि एक दिवस हनुवटी गेलीच. शोधून सापडेना. गालावर बारीक काळी लवपण आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हे गोळ्यांचं आहे, गोळ्या कमी झाल्या की हळूहळू जाईल. पण नववीतल्या पोरीला "हळूहळू" हा शब्द सांगून बघ तू. तिनं आम्हा सगळ्यांना शपथ घातली, आजाराचं कुणाला सांगायचं नाही.

आणि आमच्या कट्ट्यावर काय व्हावं?

नेहमीचे एक मास्तर आहेत, रिटायर झालेले, ग्लास संपवून मिशी पुसता पुसता जगाची चौकशी करणारे. नात समोरून घरात गेली. मास्तर बघतच राहिले.

"काय ओ मावशी, नात कसली टुमटुमीत झालीया! दूध अंगी लागलं की!"

शपथ होती. म्हटलं, "व्हय."

"कुठल्या म्हशीचं पाजताय?"

"आपलं... हिचंच," म्हणून मी पुढ्यातल्या म्हशीच्या पाठीवर हात टाकला. ती नेमकी नातीचीच.

झालं! दुसऱ्या दिवशी मास्तर आपल्या किडकिड्या नातवाला बखोटीला धरून हजर. "याला त्याच म्हशीचं द्या." तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका. मग तालमीतली पोरं. "ती पोरगी पिती ती म्हैस कंची ओ?" बाकीच्या म्हशी कास भरून उभ्या, आणि ही एकटी बिचारी, तिच्यापुढं रांग! मुलगा सांगून दमला, दूध सगळ्यांचं सारखंच आहे म्हणून. लोक डोळा मारायचे, "आमास्नी नगा शिकवू, आमी पोरीला बघितलंय."

रात्री जेवताना हे सांगताना माझं पोट दुखेपर्यंत हसून झालं, आणि मग नातीकडं लक्ष गेलं. ताटात हात तसाच होता. डोळे भरलेले.

"माझं दुखणं तुमच्या दुधाची जाहिरात झालंय, आज्जी," म्हणाली. "आरशात बघतो तर तिथं एक जाड गालांची बाई उभी असत्या. मी तिला वळखत न्हाय. आन समदं गाव म्हणतंय, तीच लई झ्याक!"

आजारी असताना चार लोकांनी हळहळावं, एवढं तरी माणसाला मिळतं. हिला तेही नव्हतं. जो भेटेल तो शाबासकीच देऊन जायचा.

मग तिनं स्कार्फ धरला. इथं सगळ्याच पोरी गाडीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात, नुसते डोळे दिसतात, म्हणून बाहेर कुणाला वेगळं वाटलं नाही. पण ही घरातही काढेना. गोठ्यातही स्कार्फ. वैरण टाकायची, पाणी दाखवायची, आणि मुकाट्यानं मागं फिरायची. मी एकदा विचारलं, "हाक का मारत न्हाईस गं तिला? दवाखान्यातनं आल्यापासनं एकदाबी मारली न्हाईस."

तिनं खराटा उचलून शेण लोटायला घेतलं. मग हळूच म्हणाली, "हाक मारली आन ती आली न्हाय, तर?"

एवढंच. पण मला तिचं सगळं मन दिसलं. माणसांनी तिला चुकीचं ओळखलं होतं, आरशानं ओळखच सोडली होती. आता ओळखणारा एकच जीव उरलेला. त्याची परीक्षा घ्यायची तिची छाती होत नव्हती.

दिवाळी तोंडावर आली. मुलगा म्हणाला, राहू दे, मीच पळवतो म्हैस. एका संध्याकाळी गल्लीत तालीम सुरू केली. हा गाडीवर पुढं, आणि बायकी आवाज काढून, "बायोऽऽ!" म्हशीनं त्याच्याकडं बघितलं, गटारीच्या कडेला जागा शोधली आणि आरामात खाली बसली. सगळी गल्ली दारात येऊन हसायला लागली. "अजून जरा बारीक आवाज काढ की रं!" "साडी नेस, मग यील ती!" मी वर बघितलं, तर माडीच्या खिडकीत स्कार्फ हलत होता. हसत होती गं पोरगी!

खाली आली ती म्हणाली, "पप्पा, राहू द्या तुमचं. मी बसतो गाडीवर. पण स्कार्फ काढणार न्हाय."

डॉक्टरांना फोन करून विचारलं. गाडीवर बसायला हरकत नाही, दमायचं नाही, गर्दीत घुसायचं नाही, एवढं म्हणाले. तिच्याभोवती गर्दी करायची नाही, असं गल्लीतल्या पोरांना मुलानं बजावून ठेवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी म्हशी भादरणारा आला. त्याचं मशिन घुर्रर्र चाललेलं, काळी लव उडतेय, म्हशीच्या पाठीवर नक्षी उमटतेय. नात शेजारी उभी राहून बघत होती. एकदम म्हणाली, "काका, हिचं झालं की माझे गालबी घ्या."

सुनेनं तोंडावर हात ठेवला. आणि मीच पहिल्यांदा फिस्सकन हसले. मग नात हसली, मग भादरणारा इतका हसला की नक्षी वाकडी गेली. अजून म्हणतो तो, तेवढं एक फूल माझ्या हातनं बिघडलं.

आणि पाडवा! काय सांगू गं तुला! हलगी घुमतेय, फटाके, गुलाल, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा असा आवाज की छातीत धडधडतंय. म्हशी काय नटलेल्या! एकीच्या शिंगांना झेंडूच्या माळा, एकीच्या पाठीवर मालकाच्या लेकीचं नाव. आमची तर नुसती आरसा! मी चौकातल्या पानपट्टीच्या फळीवर चढून उभी. या वयात! सून खालून माझा पदर ओढतेय, "आत्या, उतरा, पडशीला!" मी म्हटलं, पडलो तर उचल, आता बोलू नको.

आली! आमची गाडी आली. मुलगा पुढं, नात मागं उलटं तोंड करून, डोळ्यांपर्यंत स्कार्फ. आणि म्हैस मागं. गाडी चौकापर्यंत नीट आली, आणि तिथं कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. म्हैस जागच्या जागी थांबली. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, डोळे पांढरे. दोन्ही बाजूंची गर्दी मागं सरकली. मुलानं गाडी थांबवली.

नातीनं हाक मारली. मला दिसलं, स्कार्फ हलला. पण ऐकू कुठलं येतंय! कापडाच्या आत घुसमटलेली हाक, आणि वर हलगी. म्हशीनं मान फिरवली आणि उलट्या दिशेला एक पाऊल टाकलं. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "अय, दावं टाका तिला! पोरीच्या हातात कशाला दिली?" दोघं-तिघं दोरी घेऊन पुढं आले. नातीनं दुसऱ्यांदा हाक मारली. तीही गेली वाया. ती माझ्याकडं बघत होती की माझ्या पलीकडं, मला सांगता येणार नाही. मी फळीवरनं ओरडले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही.

आणि तिनं हात वर नेला, स्कार्फाची गाठ धरली आणि एका हिसड्यात ओढून काढला! तो गोल, लव आलेला, घामानं चमकणारा चेहरा भर चौकात, गर्दीपुढं उघडा. आणि त्यातनं निघाली ती हाक,

"बायोऽऽऽ!"

अगं, हलगीवाला थांबला! म्हैस गर्रकन वळली. एकदा बघितलं तिनं, एकदाच, आणि अशी सुटली, अशी सुटली, घुंगरं खळाखळा, कवड्या उडतायत, दोरीवाले बाजूला! थेट गाडीपाशी येऊन नातीच्या मांडीवर तोंड घासलं तिनं. पोरीची नवी सलवार शेंबडानं भरली. मुलानं गाडी सोडली, आणि मग ती जी पळाली आमच्या पेठेतनं! शिट्ट्या काय, गुलाल काय! मी फळीवर उड्या मारतेय आणि सून खाली रडतेय.

चौकाच्या पुढच्या वळणावर मास्तर उभे होते. ते काय गप्प बसणार? हात वर करून ओरडले, "बघा, बघा! दूध काय लागलंय बघा पोरीला!"

नात गाडीवरनं ओरडली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी, "दूध न्हवं ओ, गोळ्या! किडनीच्या गोळ्या हायत! दूध लागलंय ते म्हशीला!"

लोकांना क्षणभर कळेना, हसावं का काय. मग एका बाईनं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. मास्तर दुसऱ्या दिवशी ग्लास न घेताच कट्ट्यावर आले, खाली मान घालून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, मला ठावं नव्हतं गं." नातीनंच त्यांना ग्लास भरून दिला. "घ्या की. तुमच्या नातवाला लागतंय न्हवं?"

आता खरी गंमत ऐक. उन्हाळा आला, डॉक्टरांनी गोळ्या कमी करत करत आणल्या. चेहरा उतरायला लागला. हनुवटी परत उगवली. तपासण्या चांगल्या, मीठही थोडं थोडं सुरू. पोरगी खऱ्या अर्थानं बरी झाली. आणि जो भेटेल तो म्हणायला लागला, "अगं बाई, किती वाळलीस! आजारी हायस का?"

"आत्ताच बरी झालो की ओ," ही हसत सांगते. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

तिला वाटलं होतं, आधीचा चेहरा जसाच्या तसा परत येईल. तसा आला नाही. दंडावर, पोटावर पांढऱ्या रेघा राहिल्या, आणि हनुवटी आली तरी मान तिरकी करून फोटो काढणं काही परत आलं नाही. पाडव्याचा कुणीतरी काढलेला फोटो मात्र तिनं मोठा करून घेतला आणि माझ्या खोलीत लावला. गोल चेहरा, तोंड हे एवढं उघडं, मागं म्हैस. मी म्हटलं, "हनुवटीवाला लाव की एखादा." तर म्हणते, "ती बी मीच होतो की, आज्जी. म्हशीला इचार."

डॉक्टर म्हणतात हे दुखणं कधीकधी परत डोकं वर काढतं. मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू? सकाळी ती उठली की मी आधी तिचे डोळे बघते. तिला ते कळतं. परवा म्हणाली, "परत सूज आली तर परत गोल हुईन. म्हशीला सांगून ठेवलंय."

तर असं आहे बघ. तुझे केस येतील तेव्हा येतील, पण म्हैस दुसऱ्यांदा व्यालीय आणि रेडकू आत्ता लहान आहे. आत्ताच ते बोटं चोखतं, महिन्याभरानं ढुशा मारायला लागेल. नात रोज विचारते, ती जयसिंगपूरची कधी यायची? टोपी घालून ये, स्कार्फ बांधून ये, तशीच ये. मी तुझ्या डोक्यावरनं हात फिरवीन, जे असेल त्याच्यावरनं. एस्टीत बसलीस की दुपारच्या आत पोचतेस. धारेच्या वेळेला ये, तुझा ग्लास पालथा घालून ठेवलाय. या रविवारीच ये गं, लवकर.